पॉलिशला गेलेली खुर्ची

पुसदला नंदकिशोर सगळ्यांचे डॉक्टरसाहेब. पण माणसांचे नाही, गुराढोरांचे. नोकरीच्या सुरुवातीला दुधाच्या एका योजनेवर जेन्स नावाचा डॅनिश माणूस आला होता. एकाच मोटरसायकलवर दोघं गावोगाव फिरले. परत जाताना जेन्सने घरून आणलेली आपली आरामखुर्ची त्यांना देऊन टाकली. पाठ मागे कललेली, हात रुंद आणि गुळगुळीत, अस्सल सागवानी. "सागवानाचं जंगल आपल्याकडं, अन् खुर्ची डेन्मार्कहून!" लोक हसायचे. पण कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांना धड बसता यायचं ते त्याच खुर्चीत.

दिवाळीला पुण्याहून मुलगा चारुदत्त आणि सून आभा आले. खुर्चीखालचे पट्टे सैल झाले होते.

"बाबा, पुण्यात चांगला कारागीर आहे. पट्टे बदलून, पॉलिश करून आणतो," चारुदत्त म्हणाला. डॉक्टरांनी स्वतः उभं राहून ती गाडीत चादरीत गुंडाळून ठेवायला लावली.

संक्रांत गेली, होळी गेली. दर रविवारी ते फोनवर विचारत, "खुर्ची झाली का रे?" कधी कारागीर गावाला गेलेला असे, कधी पॉलिश वाळायचं असे.

एका दुपारी शेजारची सलोनी मोबाइल घेऊन आली. "काकू, ही काकांचीच खुर्ची ना?"

डॉक्टरांच्या पत्नी शुभदाताईंनी चष्मा लावला. फोटोतल्या खुर्चीच्या हातावरचा उदबत्तीचा डाग तोच. मागे आभाच्या बाल्कनीतले पडदे, त्यांनीच पसंत केलेले. खाली लिहिलं होतं : 'मुंबईच्या जुन्या पारशी घराण्यातील दुर्मिळ डॅनिश खुर्ची. विकणे आहे.'

त्या आत गेल्या. डॉक्टर पलंगावर उशीला टेकून पडले होते.

"तुम्हाले एक सांगायचं होतं. खुर्ची…"

"मले माहीत आहे. दवाखान्यातल्या देवरावनं दाखवलं होतं."

"कधी?"

"होळीच्या आधी."

"मग दर रविवारी कायले विचारता त्याले?"

"एकदा तरी तो खरं बोलन म्हणून."

शुभदाताईंनी तिथूनच मुलाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. खुर्चीचं विचारताच चारुदत्त घाईघाईने बोलू लागला. "आई, ती परवाच गेली. तिची किंमत तिकडे कोणाला कळणार होती? बाबांसाठी नवा रिक्लायनर बुक केलाय. सरप्राइज देणार होतो."

"मागितली असती तर दिली असती रे," डॉक्टर म्हणाले. "पण पारशाची काहून लिहिली? बापाचं नाव सांगायची लाज वाटली?"

"तसं नाही, बाबा. पुसदची लिहिली असती तर कोणी खरी मानली नसती."

डॉक्टरांनी हात लांब करून फोन बंद केला.

आठवड्याने रिक्लायनरचा टेम्पो दारात आला. काठी टेकत डॉक्टर फाटकापर्यंत गेले.

"परत ने, बाबू."

"साहेब, पैसे तर भरले आहेत."

"असू दे. परत ने."

शुभदाताईंनी ड्रायव्हरला चहा पाजला. टेम्पो वळून गेला. डॉक्टरांना हाताला धरून पलंगाशी आणत त्या म्हणाल्या, "इतका राग बरा नाही. पोरगाच आहे आपला."

"राग जाईन गं," ते म्हणाले. "पण आता तो खरं बोलला तरी मले खरं वाटणार नाही. त्याचं काय करू?"

शुभदाताईंनी त्यांच्या पाठीशी उशी लावली. त्या त्यांच्याजवळ बसून राहिल्या.