दिल्लीला दाखवायचं खिंडार

मित्रांनो, मी एक जुना बंधारा आहे, आणि मला समुद्राची भीती वाटते. हसू नका. ज्याला समुद्र अडवायला उभं केलं त्यानेच घाबरायचं, हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण तुम्ही समुद्र बघता तो सुट्टीत, भाट्याच्या किनाऱ्यावर भेळ खात. मी तो रोज छातीवर घेतो.

भाट्याच्या पुढे, एका लहानशा खाडीच्या तोंडाशी आमची वाडी आहे. सरकारी कागदांत माझं नाव 'धूपप्रतिबंधक बंधारा' असं भारदस्त आहे. समुद्र जमीन कुरतडत नेतो, तिला धूप म्हणतात. ती थांबवणं हे माझं काम. खाणीतून डंपर भरभरून काळे दगड आले, ते एकावर एक रचले, आणि मी झालो. उद्घाटनाला मोठे पाहुणे आले होते. त्यांनी फीत कापली आणि नारळ माझ्याच डोक्यावर फोडला. तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. लहान होतो ना!

पहिल्याच पावसाळ्यात मी माडांची अख्खी रांग वाचवली. मग काय, कौतुकच कौतुक. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायला आलेल्या बायका जाता जाता मलाही हळदकुंकू लावायच्या. पण नव्याचे नऊ दिवस. ज्यांनी मला बांधलं ते परत कधी फिरकले नाहीत. लाटा मात्र न चुकता यायच्या आणि माझ्या पायाखालची वाळू ओढून न्यायच्या. पायाखालची वाळू सरकली असं तुम्ही बोलण्यात म्हणता, मी ते अंगावर सोसतो.

तरी वाडीने मला टाकलं नव्हतं. आंब्याचा हंगाम आटोपला, की पावसाच्या आधी घरटी एक माणूस यायचं. निखळलेले दगड पहारीने जागेवर बसवायचे, फटींत वाळूच्या गोणी दाबायच्या, आणि दुपारी माझ्याच सावलीत पेज आणि भाजलेला सुका बांगडा खायचा. माझ्या मागच्याच घरातला रघू सगळ्यांत पुढे असायचा. त्याची बायको गोदा घमेली वाहता वाहता त्याला चिडवायची, "दगडाशी बोलतास तेवडा माज्याशी बोललास तर काय बिघडंल?" तो हसायचा आणि पुढचा दगड उचलायचा.

मग एका वादळाने मला फोडलं. खिंडार पडलं ते नेमकं रघूच्या घरासमोर. वाडीने त्याही वर्षी गोणी रचून ते कसंबसं बुजवलं, पण दर पावसाळ्यात ते पुन्हा उघडायचं. आणि अशातच रघू नारळ काढताना माडावरून पडला. तो वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून त्याची खाट पुढच्या पडवीत असायची. तिथून त्याला मी दिसायचो, आणि माझ्या खिंडारातून समुद्र दिसायचा. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत असायचो. त्याच्या डोळ्यांतली भीती मला ओळखता यायची, कारण ती माझीच होती.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा म्हणजे वाडीचे निवृत्त शिक्षक आणि बंधारा समितीचे अध्यक्ष. माणूस तळमळीचा. माझ्यासाठी त्यांनी किती उंबरे झिजवले ते मी जाणतो. सगळीकडे उत्तर एकच मिळायचं, की एवढा मोठा बंधारा नव्याने बांधायला राज्याकडे पैसा नाही, केंद्राने दिला तरच होईल. अण्णांनी मग आमदारांच्या मागे लकडा लावला. आणि खरंच एके दिवशी विधानसभेत ठराव आला. किनाऱ्याची धूप ही नैसर्गिक आपत्ती धरावी आणि बंधाऱ्यांसाठी केंद्र सरकारने वेगळा निधी द्यावा, अशी या सभागृहाची विनंती आहे. एरवी एकमेकांवर तुटून पडणाऱ्या दोन्ही बाजूंनी तो एकमताने मंजूर केला. अण्णांनी ते माझ्यावर बसून मोबाइलवर ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "न्हालं बाबा एकदाचं घोडं गंगेत!" मित्रांनो, माझ्यासारख्या दगडांसाठी अख्खं राज्य दिल्लीपुढे हात जोडतंय, हे ऐकून मला भरून आलं.

थोड्याच दिवसांत बातमी आली, की दिल्लीहून पाहणी पथक येणार. अण्णांनी माझ्याच कट्ट्यावर बैठक घेतली.

"यंदा खिंडाराला कुणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. "आपणच बुजवलं तर दिल्लीची माणसं म्हणतील, यांचं तर झकास चाललंय. पैसे जातील दुसऱ्या गावाला आणि आपण बसू टाळ्या वाजवत."

"आनि पानी आत आला तर, अण्णानू?" गोदाने विचारलं.

"अगो, पावसाच्या आधीच येतायत ती. जरा धीर धर."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पटण्यासारखंच होतं ते. डॉक्टरला दाखवायची म्हणून जखम उघडी ठेवतात, तसं माझं खिंडार उघडं राहिलं. गोदा एकटीच मागे थांबून त्या भगदाडाकडे बघत राहिली.

पथक पावसाआधी आलं नाही. तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे. पाऊस मात्र वेळेवर आला. पहिल्या मोठ्या भरतीला खिंडाराच्या कडेचे दोन दगड निसटले. दुसऱ्या भरतीला कडेचा मोठा धोंडा हलू लागला. तो हलला की माझ्या सगळ्या अंगातून कळ जायची. गोदा रोज अण्णांकडे जायची. अण्णा रोज फोन लावायचे. "पुढच्या आठवड्यात नक्की," असं ते सांगायचे, पण आता त्यांचा आवाज खाली गेला होता.

आणि आषाढातली अमावास्या आली. अमावास्येची भरती आमच्याकडे भर दुपारी येते. त्या दिवशी सकाळपासून वारा पश्चिमेचा होता आणि समुद्राचा रंग गढूळ झाला होता. मी दूरवर लाटांच्या रांगा उठताना बघत होतो आणि मनातल्या मनात अंग चोरत होतो. पण बंधाऱ्याला अंग चोरता येत नाही. पळताही येत नाही. पहिली लाट खिंडारातून घुसली ती सरळ गोदाच्या अंगणात. तुळस गेली. दुसरीने विहिरीचा कठडा ओलांडला. तिसरी पडवीत चढली, आणि मी रघूची खाट हलताना पाहिली.

"धावा! कोन हाय काय? ह्येंना उचला!" गोदा ओरडत होती. ती खाटेचा एक पाय दोन्ही हातांनी धरून पाण्यात उभी होती. रघू तिला म्हणत होता, "तू जा. गोदा, तू जा आदी." ती काही गेली नाही.

वाडी धावली. शेजारचा बाळा आणि आणखी तिघे खाटेला भिडले, आणि त्यांच्या मागून, धोतर कमरेला खोचून, अण्णासुद्धा पाण्यात उतरले. घरामागे खाडी भरली होती, त्यामुळे रस्त्याकडे जायची वाट खिंडाराच्या कडेवरूनच होती, त्या हलत्या धोंड्याला लागून. मित्रांनो, तेव्हा मी जितका घाबरलो तितका कधीच घाबरलो नव्हतो. धोंड्याखालची वाळू जात होती, मला कळत होतं. मी त्याला विनवत होतो, बाबा रे, एवढी खाट जाऊ दे. खाट गेली. गोदा गेली. शेवटी अण्णा धापा टाकत गेले, आणि पुढच्या लाटेला तो धोंडा कोसळला. वाट राहिली नाही.

ओहोटी लागली तेव्हा पडवी वाहून गेली होती आणि विहिरीचं पाणी खारट झालं होतं. मागचं घर तेवढं उभं होतं. रघूला शाळेत ठेवलं. सगळे सुन्न होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदा घमेलं घेऊन एकटीच आली. तिने वाळू भरली, गोणीचं तोंड शिवलं आणि ती खिंडारात ओढत आणली. अण्णा तिथे आधीच येऊन बसले होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"गोदे," ते हळूच म्हणाले, "फोन आला होता. सोमवारी येतायत. आज बुजवलंस तर त्यांना दाखवायचं काय?"

गोदाने कंबर सरळ केली. "ह्ये घर दाकवूया, अण्णानू. माजा मानूस जिता हाय, ता दाकवूया. आनि सांगूया त्यांना, फुडच्या वर्साला पन दाकवायला असला पायजे, म्हनून पैसं द्या."

अण्णांनी पडवी नसलेल्या त्या घराकडे पाहिलं. मग उठले, आणि गोणीचं दुसरं टोक त्यांनी धरलं.

सोमवार उलटून गेला. पथक अजून यायचंय. ते येईल, अशी मला आशा आहे, कारण गोणी म्हणजे बंधारा नव्हे आणि घमेल्याने समुद्र हटत नाही. म्हणून मित्रांनो, मोठे व्हाल तेव्हा मुंबईत मागा, दिल्लीत मागा, हक्काने आणि चढ्या आवाजात मागा. पण मागणी पोचेपर्यंत कुणाच्या दारातलं भगदाड पुरावा म्हणून उघडं ठेवू नका.

रघूने हट्टाने खाट परत घरी आणवली आहे. ती आता मधल्या खोलीत असते. श्रावणातली अमावास्या जवळ आली आहे. त्या दुपारी समुद्र पुन्हा उठेल, मी पुन्हा थरथरेन, आणि माझ्या मागे तो खाटेवर पडलेला असेल.