बॅनरवरचं तळं

भांडण एका फोटोवरून झालं, हे सांगायचीसुद्धा लाज वाटते. चौदा एप्रिलच्या जयंतीचा बॅनर करायचा होता. दत्तूभाऊ महाडकडचे, त्यांना त्यावर चवदार तळं हवं. राजनभाऊ नागपूरचे, त्यांना दीक्षाभूमी. अहो, दोन्ही बाबासाहेबांचीच ना? पण नाही. बहारीनमध्ये इतकी वर्षं एका ताटात जेवलेली माणसं एका संध्याकाळीत कोकणी आणि नागपुरी झाली.

दत्तूभाऊंनी तणतणत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला. पाठोपाठ आमचे विश्वजीत बाहेर. आमचा व्हिसा दत्तूभाऊंनी करून दिलेला, आणि तेव्हाच यांनी शब्द देऊन ठेवलेला, तुम्ही जिथे तिथे मी. हे गेले म्हणून यांचा मित्र संदेश गेला, संदेश गेला म्हणून त्याचा मेव्हणा. तिकडे नागपूरकरांनी आपसात ठरवलं, यांच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. यातल्या निम्म्यांनी तो मेला बॅनर पाहिलाही नव्हता.

हाल झाले ते माझे. राजनभाऊंची बायको कांता म्हणजे माझी इथली एकुलती एक मैत्रीण. आमच्याकडे गाडी नाही, मला चालवताही येत नाही, आणि इथे गाडीशिवाय माणूस पांगळा. सकाळी सीफ भागातल्या ऑफिसात मला तीच सोडायची, दुपारी आमच्या श्रावस्तीला शाळेतून तीच आणायची. आता तिच्या गाडीत बसायची बंदी. दोघींची रोजची टॅक्सी परवडेना, म्हणून लीव्ह टाकून उम्म अल हस्समच्या फ्लॅटमध्ये मी भिंती बघत बसले.

श्रावस्तीची परीक्षा चालू होती. पहिल्या महायुद्धाचा धडा ती मोठ्याने पाठ करायची. ऑस्ट्रियाच्या राजपुत्राला एका सर्ब पोराने गोळी घातली. ऑस्ट्रिया सर्बियावर उठला, आपले भाऊबंद म्हणून रशिया सर्बियाच्या मागे. जर्मनीने ऑस्ट्रियाला शब्द दिलेला, फ्रान्सने रशियाला, मग इंग्लंडही उतरलं. जो तो माझा झेंडा, माझी माणसं करत होता, आणि आतून प्रत्येकाला धास्ती, दोस्त तुटला तर आपण एकटे पडू.

मी म्हटलं, मग एकाने तरी खलास, पुरे आता, म्हणायचं होतं. ती म्हणाली, "आई, हू विल स्टॉप फर्स्ट? जो थांबेल तो वीक दिसेल ना."

विश्वजीत सोफ्यावर बसून ऐकत होते. मी लगेच त्यांना धरलं. राजनभाऊंकडे जा, दोन शब्द बोला, तुमचं काय जातंय? त्यांनी मान वर केली नाही. "दत्तूभाऊंना सोडलं तर उद्या इथे आपल्यामागे कोण आहे, ज्योत्स्ना?" खोटं नव्हतं ते. त्याचाच जास्त संताप आला.

शेवटच्या पेपरच्या दिवशी तिला आणायला ठरवलेली टॅक्सी शाळेत गेलीच नाही. मी फोनवर फोन करतेय, तेवढ्यात बेल वाजली. दारात श्रावस्ती आणि मागे घामाने निथळलेली कांता. पोर उन्हात गेटवर उभी दिसली, तेव्हा राजनभाऊच म्हणाले म्हणे, लेकराशी कसलं भांडण, बसव गाडीत. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद, कांता जिने चढून आलेली. तिला धाप लागली होती.

मी पळत जाऊन पाण्याचा ग्लास आणला. तिने हात पुढे केला, आणि मागे घेतला.

"राहू दे वं," ती म्हणाली. "हे खाली गाडीत आहेत. सगळ्यांसमोर शब्द दिलाय त्यांनी. वर जाऊन पाणी घेतलंस का विचारतील, मला खोटं बोलता येत नाही."

मला तिला हाताला धरून आत ओढायचं होतं. पण मागे सोफ्यावर हे बसलेले, आणि माझ्या तोंडून साधं 'आत ये' निघेना. कांताने श्रावस्तीच्या डोक्यावरून हात फिरवला, जय भीम म्हणाली आणि भिंतीला धरून जिना उतरायला लागली.

मी ग्लास नेऊन विश्वजीतपुढे आदळला. अर्धं पाणी टीपॉयवर सांडलं.

"कांता तहानलेली गेली, आपल्या दारातून," मी म्हटलं. "पाण्यासाठी आपल्या माणसांनी मार खाल्ला, त्या तळ्याचा फोटो लावणार ना तुम्ही? लावा आता."

त्यांचा चेहरा पडला. ते उठले, दाराकडे दोन पावलं गेलेही. कांता अजून जिन्यातच होती, तिच्या चपलांचा आवाज येत होता.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. दत्तूभाऊ. विश्वजीतनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि फोन कानाला लावला.

"जय भीम, भाऊ," ते म्हणाले. "हो. आहे ना मी तुमच्याबरोबर."