पांढरा गोंद

पंखाला गोंद कोणता लावायचा यावरून क्लबातली माणसं जेवढी भांडत, तेवढे सख्खे भाऊ जमिनीवरून भांडत नसतील. विमानं म्हणायला खेळण्यातली. पण तीन मीटर रुंद, आठ किलो वजनाचं, इंजिन लावलेलं, रिमोटवर उडणारं ते धूड डोक्यावरून गेलं की खेळणं हा शब्द घशातच अडकतो. आणि खेळणं म्हटलं की माणूस बेफिकीर होतो, हेही खरंच.

भांडण मिटवायला सगळे शेवटी पंखवाल्याकडे येत. तो मूळचा सुतार. तीस वर्षं दारं-खिडक्या केल्यावर त्याला हा नाद लागला, आणि आता अर्ध्या क्लबाचे पंख त्याच्या घराच्या मागच्या खोलीत तयार होत. तापलेल्या तारेने थर्माकोल कापून पंखाचा गाभा काढायचा आणि त्यावर बाल्सा या हलक्या लाकडाची दीड मिलिमीटरची साल चिकटवायची. गाभा नुसता आकार देतो. ताकद सगळी सालीत. साल सुटली की पंख गेला.

"चपलांचा पिवळा गोंद थर्माकोल खातो," तो समजावून सांगे. "न खाणारा मिळाला, तरी एकदा साल टेकली की टेकली, केसभरही सरकत नाही. फेसाचा गोंद फुगतो आणि साल वर ढकलतो. खरा गोंद दोन डब्यांचा, राळ आणि ती घट्ट करणारा हार्डनर. तोही चमचाभर जास्त झाला तर नाकापेक्षा मोती जड. पातळ पसरा, जुन्या कार्डाने खरवडून काढा, वर फळी आणि वजन ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका."

"आणि लाकडाचा पांढरा गोंद?" एखादा नवखा विचारी.

"तो खुर्च्यांना," पंखवाला म्हणे, आणि सगळे हसत.

आज दुपारी हाच पंखवाला मागच्या खोलीत टेबलापाशी उभा होता. टेबलावर एका विमानाचा उजवा पंख होता, आणि तो उघडून बघायचा त्याला धीर होत नव्हता.

विमान त्याच्या मेहुण्याचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचं. बारा दिवसांपूर्वी मैदानावर साधं वळण घेताना त्याचा डावा पंख मिटला आणि विमान कडेला गवत कापणाऱ्या माणसावर कोसळलं. तो माणूस तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. डाव्या पंखाचा चुरा झाला होता, त्यातून काही कळण्यासारखं नव्हतं. क्लबातल्या जाणत्यांनी उभ्या उभ्या निकाल दिला, की मेहुणा उतावळा, त्याने रिमोटची दांडी जोरात ओढली. मेहुण्यानेही मान खाली घालून पोलिसांना तसंच लिहून दिलं. खटला उभा राहणार होता. उरलेला पंख डोळ्यांसमोर नको म्हणून त्याने इथे आणून टाकला होता.

ते वळण पंखवाल्याने स्वतः पाहिलं होतं. ते जोरात नव्हतं. बारा दिवस तो हे स्वतःपासून लपवत होता.

शेवटी त्याने पातं घेतलं. वरचं रंगीत प्लास्टिक मधोमध कापलं, सालीला चीर दिली आणि खाली नख घातलं. उकडलेल्या बटाट्याची निघावी तशी साल अलगद निघाली. आत गोंद ओला होता. दोन महिने झाले होते, तरी दुधासारखा पांढरा आणि ओला. कडेची दोन बोटं रुंदीची पट्टी तेवढी वाळून कडक झाली होती, आणि चिकटलं का हे त्याने तेव्हा कडेलाच अंगठा दाबून पाहिलं होतं. वरून कीर्तन, आतून तमाशा. पांढऱ्या गोंदातलं पाणी बाहेर पडावं लागतं. खाली थर्माकोल, त्यातून ते जात नाही. वर लाकूड, त्यातून सावकाश जातं, पण चौथ्याच दिवशी त्याने लाकडावर प्लास्टिक इस्त्री करून बसवलं होतं. पाण्याला वाटच ठेवली नव्हती.

बायकोच्या खोकल्यामुळे हे झालं होतं. हार्डनरचा वास दाराच्या फटीतून पुढच्या खोलीत जाई आणि ती खोकून खोकून बेजार होई. डॉक्टरांनी विचारलं, घरात काय काम चालतं, तेव्हा तो खिडकीबाहेर बघत बसला आणि ती म्हणाली, धुळीचा त्रास आहे. बंद करा असं ती एकदाही म्हणाली नाही. मग त्याने गुपचूप ते दोन्ही डबे नेऊन टाकले आणि मेहुण्याच्या विमानाचे दोन्ही पंख पांढऱ्या गोंदाने चिकटवले. क्लबात सांगितलं नाही, कारण हसं झालं असतं. मेहुण्याला सांगितलं नाही, कारण तो क्लबात बोलला असता. पंधरा दिवसांत तिचा खोकला थांबला, आणि त्याने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली होती.

पंख तसाच उघडा टाकून तो मेहुण्याकडे गेला. मेहुणा दिवसाढवळ्या पडदे ओढून बसला होता, दाढी वाढलेली.

"भावोजी, तुम्ही?"

"पंख उघडला मी. आत गोंद ओला आहे. पांढरा वापरला होता."

"पांढरा? तुम्ही?"

"तुझ्या ताईला दुसरा सोसत नव्हता. चूक माझी आहे. वळण बरोबर होतं तुझं."

"म्हणजे मी नाही मारलं त्याला," मेहुणा म्हणाला, आणि मग पुन्हा एकदा तेच म्हणाला. तोंड हातांत धरून तो रडला. मग डोळे पुसून त्याने विचारलं, "ताईला माहीत आहे?"

"नाही अजून."

"मग सांगू नका. आपल्या खोकल्यापायी माणूस गेला हे तिला कळलं, तर ती अन्नाला शिवायची नाही. माझा जबाब झालाय, तो राहू दे तसाच."

"तुला शिक्षा होईल."

"झाली तर झाली. मला आतून कळलं ना, पुरे."

यावर पंखवाल्याने हट्ट धरायला हवा होता. त्याने धरला नाही. उलट त्याला हलकं वाटलं, खूप हलकं, आणि जिना तो भराभर उतरला. रस्त्यावर आल्यावर त्याला या हलकेपणाची किळस आली. तरी तो परत वर गेला नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि चोर चालला आपल्या घरी.

बायको नुकतीच बाहेरून आली होती. गवत कापणाऱ्याच्या घरी ती एक दिवसाआड जाऊन बसे.

"त्याची बायको विचारत होती," ती म्हणाली, "तुमचा भाऊ एकदा तरी येईल का म्हणून. मी काय सांगणार? कोणत्या तोंडाने येईल तो? लहानपणापासून सांगत आले त्याला, घाई नको, घाई नको. आता या घरात पाऊल ठेवू देणार नाही त्याला."

पंखवाला चूप बसू शकला असता. मेहुण्याने तशी मुभाच दिली होती. पण ती पदराने डोळे पुसत भावाला आणखी बोल लावू लागली, आणि ते त्याला ऐकवेना.

"जरा मागे ये," तो म्हणाला.

त्याने पंख दाखवला आणि सगळं सांगितलं. खोकल्याचं सांगितलं, क्लबातल्या हशाचं सांगितलं, भाऊ काय म्हणाला तेही सांगितलं. ती स्टुलावर बसली. थर्माकोलवरून तिने बोट फिरवलं आणि बोटाला लागलेल्या गोंदाकडे बघत राहिली.

"मला विचारायचं तरी होतंत," ती म्हणाली.

"तुला त्रास होत होता."

"होत होता. खोकले असते मी. खोकल्याने मरत नव्हते." तिचा आवाज चढला नाही. "आणि माझी एवढी काळजी होती, तर पंखच करायचे नव्हते. गोंद बदलायचं सुचलं तुम्हाला. नाद सोडायचं नाही सुचलं?"

नव्हतंच सुचलं. एवढ्या गोंदांची तुलना केली, कागदावर टाचणं केली, आणि हा एक मार्ग त्याच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता. आता तिच्यापुढे उभं राहून त्याला पहिल्यांदा कळलं की तिच्यासाठी म्हणून त्याने काहीच सोडलं नव्हतं.

ती उठली आणि तिने भावाला फोन लावला. "आत्ताच्या आत्ता ये. पंख घेऊन पोलिसांकडे जायचंय, हे जबाब देणार आहेत. मग तुला त्या बाईंकडे नेते मी." पलीकडून भाऊ काहीतरी म्हणत होता. तिने ऐकून न घेता फोन ठेवला.

पंखवाला शर्ट बदलायला आत वळला, तेव्हा ती पंखावर वाकली होती. दुपारपासून उघडा राहिलेला गोंद चिरेच्या दोन्ही बाजूंनी सुकून पारदर्शक होऊ लागला होता. हवा लागली की हा गोंद वाळतो, हे सुताराला सांगायला नको. जाताना झाकायचं आपण विसरलो की स्वतःला विसरू दिलं, हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

"हा वाळतोय," ती म्हणाली. "वाळला तर तुमच्यावर कोण विश्वास ठेवेल? ओलं फडकं आणा, लवकर."

तो फडकं आणायला गेला.