रुक्माबाईच्या हातातला नारळ

२००३ साल. डोंगरकडा गावात उकंडरावाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध पाटावर त्याची बायको रुक्माबाई बसलेली.

"मेलेली बाई परत आली! आता इच्या हातातून देवीच बोलून राहिली!" गोपीचंद महाराज गरजले.

एका म्हातारीनं विचारलं, "माझ्या सुनेला लेकरू व्हईल का?" महाराजांनी रुक्माबाईच्या हातात नारळ दिला. हात ताडकन उडाला, नारळ घरंगळला. "देवी व्हय म्हणली!" माणसं पाया पडली. पुढच्या माणसाच्या प्रश्नाला मात्र महाराजांनी तिच्या हातात नारळ न देता नुसता मंत्र म्हटला. हात मांडीवर तसाच राहिला. "देवी न्हाई म्हणली."

मी गावचा आरोग्यसेवक, रत्नपाल. आठ महिन्यांपूर्वी कपडे वाळत घालायच्या तारेत वीज उतरली आणि रुक्माबाई कोसळली. हृदय थांबलं होतं. जीप येईपर्यंत मी छाती दाबत राहिलो. नांदेडला ती वाचली, पण मेंदूला काही मिनिटं रक्त मिळालं नव्हतं. "काही धरायला गेली की झटके येतील. गोळ्या चालू ठेवा, सुधारायला वर्षं लागतील," असं तिथल्या डॉक्टरांनी उकंडरावाला माझ्यासमोर समजावलं होतं.

आज तिचा ओठ फाटलेला, पुढचे दोन दात गायब.

"गोळ्या?" मी विचारलं.

उकंडरावानं मान खाली घातली. "महिना झाला, बंद केल्या. देवीला चालत न्हाईत, महाराज म्हणले. परवा चुलीपाशी पडली."

मी पेलाभर पाणी आणलं. "वहिनी, घ्या." हात उडाला, पाणी महाराजांच्या धोतरावर.

"देवी कोपली!"

"मग आता हातात काही न देता बोलवा देवीला," मी महाराजांना म्हटलं.

महाराजांनी तीनदा मंत्र म्हटला. हात हलला नाही. मी तिला चमचा दिला, चमचा उडाला. मी लोकांना म्हटलं, "व्हय पायजे तवा नारळ, न्हाई पायजे तवा रिकामा हात. एवढीच ही देवी."

तेवढ्यात रुक्माबाई एकेक शब्द जुळवत बोलली, "मला... तहान... लागली. सकाळपासून... कोणी... इचारलं न्हाई."

उकंडराव तोंड झाकून रडला.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. दोन वर्षांनी ती आपल्या हातानं भाकरी मोडून खाऊ लागली. चुलीपाशी मात्र तिला पुन्हा कधी बसता आलं नाही, आणि आजही कधी कधी स्वतःच्या मुलीचं नाव तिला आठवत नाही. मेंदू सावकाश सावरतो. कुठवर सावरेल ते आधी सांगता येत नाही. म्हणून एवढंच मागणं आहे: कुणाचं अंग थरथरलं तर पाया पडू नका. जवळ बसा, काय होतंय ते त्या माणसालाच विचारा, आणि दवाखान्यात न्या.