इवायाला नोटीस

दाढेत अडकलेलं खोबरं काडीनं कोरत काकासाहेब म्हणाला, "नारळ आल्ता, म्या कुठं न्हाई म्हणतो? पण इवाई, नोटीस कुठं आल्ती?"

तातेराव त्या काडीकडं बघत राहिला. नारळ त्याचाच. काकासाहेबाच्या डोक्यावरची कडक टोपीही त्याचीच. शेत परत घेतो असं सांगायला पाडव्याच्या आधी त्यानं दोन्ही स्वतः आणून दिली होती.

भानगड साधी होती. बहात्तरच्या दुष्काळात तातेरावनं नदीकाठचं काळंभोर शेत काकासाहेबाला विकलं. कागदात अट घातली होती, पंच्याहत्तरच्या पाडव्याच्या आत तातेरावनं लेखी कळवलं तर त्याच किमतीत शेत परत द्यायचं. पुढं तातेरावची शिवकन्या त्याच घरात सून म्हणून गेली आणि कागद पेटीत पडून राहिला.

यंदा कापूस बरा झाला, पैशाची सोय लागली. भोकरदनच्या वकिलानं बजावलं, "रजिस्टरनं नोटीस पाठवा. नुसतं तोंडी सांगू नका." पण तातेरावच्या गावी, धावड्यात, नोटीस जाते ती वैऱ्याच्या घरी. "इवायाला नोटीस? लोक तोंडात शेण घालतील माझ्या," म्हणत तातेराव नारळ-टोपी घेऊन निघाला. काकासाहेबानं टोपी चढवली, पाठीवर थाप मारली. "पाडवा होऊन जाऊ द्या, मंग जाऊ खरेदीखत करायला. घरचंच काम हाय."

पाडवा झाला आणि आता हा दात कोरत बसला होता.

"तुमीच म्हणल्ते ना, घरचंच काम हाय?"

"म्हणलो असंन. पण कागदात लेखी लिवलंय. बराबर हाय का न्हाई? घ्या, चहा घ्या."

तातेरावनं चहा घेतला. लेक दिलेल्या घरी कप सारून उठता येत नाही, हे त्या गोडबोल्याला पुरतं ठाऊक होतं. शिव्या देणारा माणूस परवडला, असल्याची शिसारी येते. गावाबाहेर येताच तातेराव बांधावर खाकरून थुंकला, तरी तोंडातली चव जाईना.

घरी बायकोनं, झुंबरबाईनं, कपाळाला हात लावला. "त्यानं केसानं गळा कापला, आन् तुमी चहा पिऊन आले?"

"लेक हाय त्याच्या घरात," तातेराव पुटपुटला.

बाळंतपणाला आलेली शिवकन्या आत पोराला पाजत होती. तिनं सगळं ऐकलं.

चैत्र सरता सरता काकासाहेब सुनेला न्यायला आला. हातात लुगडं न् नारळ, डोक्यावर तीच टोपी.

"चला सूनबाई, जल्दी करा. यष्टी चुकंन."

शिवकन्यानं नारळ घेतला, आईच्या हाती दिला. "आय, फोड." खोबरं सगळ्यांना वाटलं, स्वतःही चावून चावून खाल्लं. मग पदर सावरून उंबऱ्यात उभी राहिली.

"मामंजी, नारळ भेटला. पण मला न्यायचं लेखी कुठंय?"

काकासाहेब हसला. त्याच्याबरोबर कुणीच हसलं नाही.

"पोरगी थट्टा करून राह्यली," तो म्हणाला.

"बिलकुल न्हाई. नदीकाठचं शेत माझ्या आबाच्या नावावर करा, मंग तुमचा नातू घेऊन येते. घरचंच काम हाय."

काकासाहेबानं तातेरावकडं पाहिलं. तातेरावनं झुंबरबाईच्या हातातली कपबशी घेऊन त्याच्यापुढं सरकवली.

"घ्या इवाई, चहा घ्या."