दोन गाठींमधला रुमाल

मी धबधब्यावरचा दोर बोलतोय. हो, तोच! ज्याला धरून तुम्ही डोहात उतरता आणि खाली पोचलात की ज्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. रागावलो नाही हं! वरून धबधबा कोसळतोय, खाली कातळात एकाखाली एक असे तीन डोह, तळाचे गोटे दिसावेत इतके नितळ. मग माझ्याकडे कोण बघणार?

माझा जन्म कारखान्यातला, पण वाढलो समुद्रावर. या बेटावरच्या एका नावाड्याची होडी मी धक्क्याला धरून ठेवायचो. पुढे होडी विकली गेली आणि मी पडवीत जाऊन पडलो. माझ्या वेटोळ्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. म्हटलं, संपलं आपलं!

पण नावाड्याची बायको पाहुण्यांना धबधब्यावर घेऊन जायची. सगळे तिला मावशी म्हणतात. तिने मला धुऊन माझा खारटपणा काढला, नवऱ्याकडून हाताने धरायला गाठी मारून घेतल्या आणि कातळावरच्या झाडाला मला बांधलं. नावाडी ताडमाड उंच. त्याने गाठी मारल्या त्या आपल्या हाताच्या मापाने, लांब लांब. तेव्हा ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

रोज सकाळी मावशी आधी स्वतः मला लोंबकळून बघते. पाहुणे मात्र भारी! पुरुष मला दोनदा ओढून बघतात, "मजबूत आहे" म्हणतात आणि बायकोला पुढे करतात.

एकदा मुलगा-सुनेबरोबर एक आजी आल्या. ठेंगण्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या. लहानपणी नदीत पोहायच्या म्हणे. लग्नानंतर पाण्याशी संबंध उरला तो धुण्याभांड्यापुरता.

"आई, तू वरच बस. आम्ही फोटो काढून दाखवतो," मुलगा म्हणाला.

"फोटोत पोहू का मी? आज नाही उतरले तर कधी उतरणार रे?" असं म्हणत त्यांनी मला धरलंच.

मावशी खाली उभी राहिली. आजी अर्ध्यावर आल्या आणि अडकल्या. खालच्या गाठीपर्यंत हात पोचेना, मधला ओला दोर मुठीतून सटकायला लागला.

"आई, पुरे झालं! वर ये!" मुलगा ओरडला. आजींचे डोळे भरून आले. माझा तर जीवच खालीवर झाला. एवढी वर्षं होडी धरली, आणि आज या माउलीच्या हाताला मी पुरत नव्हतो!

मावशी झपकन कातळावर चढली. डोक्याचा रुमाल सोडला आणि आजींच्या हाताखाली माझ्याभोवती करकचून बांधला. "आता हा धरा, आजी. घाई नाही."

आजींनी रुमाल धरला. मग खालची गाठ. मग पाणी.

थोडं चाचपडल्या आणि मग चक्क उताण्या होऊन तरंगायला लागल्या. "अगं, आईला पोहता येतं!" मुलगा बायकोला म्हणाला. फोटो काढायचं तो साफ विसरला. नाकात पाणी जाईपर्यंत आजी हसत होत्या.

परत वर आल्यावर त्या थांबल्या, माझ्यावरून हात फिरवला. "बरं झालं रे बाबा, तू होतास." होडीने मला असं कधी म्हटलं नव्हतं.

तो रुमाल मावशीने सोडला नाही. पोरीबाळी, ठेंगणी माणसं आता तोच धरून उतरतात. पण माझा एक पीळ झिजलाय. मावशीने बघितलंय, उद्या नवा दोर येतोय. तक्रार नाही. समुद्र पाहिला, धबधबा पाहिला, एवढी माणसं पाण्यापर्यंत पोचवली. आणखी काय हवं? कोंबड्याही वाट बघत असतील.

फक्त मावशे, एवढं कर. नव्या दोराला गाठी मारायला नवऱ्याला बोलावू नकोस. त्या आजींचा हात आठव आणि त्या मापाने तूच मार.