सावकाशीचं वर्ष

लग्नाला चोवीस वर्षं झाली, तरी उल्हास कधी सुनीतीच्या बरोबरीने चालला नव्हता. तो कायम दहा पावलं पुढे. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या बाजारात शिरताना सुनीती त्याच्या शर्टाचा रंग लक्षात ठेवायची, नाहीतर गर्दीत तो सापडायचा नाही. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात तो अवर सचिव होता, आणि आलेली फाईल त्याच्या टेबलावर मुक्काम करत नाही असं त्याचं नाव होतं. जेवण आठ मिनिटांत. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये संध्याकाळी पाऊल टाकलं की एका हाताने बूट काढायचे आणि दुसऱ्या हातात फोन. सुनीतीही एका सरकारी कार्यालयात अनुवादक होती, तिचीही धावपळ काही कमी नव्हती. फरक एवढाच, की तिला धावावं लागायचं आणि त्याला धावायला आवडायचं.

तिला पन्नास वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी तिने बासुंदी-पुरी केली. मुलगी उल्का महिन्याभरापूर्वीच नोकरीसाठी पुण्याला गेली होती, त्यामुळे ताटं दोनच. शेवटची पुरी तळून, हात पुसून ती पानावर येऊन बसली, तर उल्हासचं जेवण आटोपलेलं, हात धुतलेला, आणि तो स्कूटरची किल्ली शोधत होता. कुणाला तरी काहीतरी कागद द्यायचा होता. सुनीती त्याच्या रिकाम्या ताटासमोर थोडा वेळ बसून राहिली. तो परत आला तेव्हा म्हणाली, "उद्यापासून मी असं जगणार नाही. तुम्हीही जगू नका."

तो हसला. पण सुनीतीने खरोखरच मनावर घेतलं होतं. एका रविवारी तिने सगळी कपाटं उपसली. न उघडलेले डिनर सेट, जास्तीचे दोन मिक्सर, कधी न नेसलेल्या साड्या, सगळं ज्याला हवं त्याला देऊन टाकलं. गाडी मानेसरच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला विकली. संध्याकाळी सात ते नऊ दोघांचेही फोन कणकेच्या रिकाम्या डब्यात. भाजी आणायला पिशवी घेऊन चालत जायचं. जेवताना एकाचं संपेपर्यंत दुसऱ्याने उठायचं नाही. आणि दर रविवारी उल्काला हाताने पत्र लिहायचं, दोघांनी एकेक पान.

पहिले दोन-तीन महिने उल्हासला ते जड गेलं. पानावर बसल्या बसल्या त्याचा गुडघा हलत राहायचा. पाणी प्यायच्या निमित्ताने उठून तो डब्यातला फोन बघून यायचा. मग हळूहळू तो बदलायला लागला, आणि सुनीतीने गृहीत धरलं होतं त्याच्यापेक्षा बराच लवकर बदलला. जानेवारीतल्या एका संध्याकाळी भाजी घेऊन परत येताना तिच्या लक्षात आलं, की आज तो आपल्या शेजारून चालतोय. तिने त्याचा हात धरला, तर तो हात तिच्या हातात तसाच राहिला, घरापर्यंत. त्या दिवशी मेथी निवडताना ती कितीतरी वेळ गुणगुणत होती.

पुढे तर तो तिच्याही मागे पडायला लागला. जेवायला पाऊण तास लागायचा, एकेक घास चावून चावून. पूर्वी तो फोनवर बोलायला लागला की खालच्या मजल्यावरच्या हेमलताबाईंना सगळं कळायचं, आता शेजारी बसूनही कान द्यावा लागायचा. वाटेत कुणी स्कूटर आडवी घातली तर कपाळावर आठी नाही. चेहरा शांत, एकसारखा. पत्रातलं अक्षरही बारीक झालं. सुनीतीने विचारलं तर म्हणाला, कागद कमी लागतो. एका पत्रात त्याने 'निवांत' असा शब्द लिहिला, तेव्हा उल्काने फोन करून त्याचा अर्थ विचारला. ती दिल्लीत वाढलेली, तिला तो ठाऊक नव्हता. सुनीतीने तिला सांगितलं, "आपले बाबा सध्या आहेत ना, तसं."

हेमलताबाईंनाही तिने सांगितलं. त्यांनी आणखी दोघींना सांगितलं. शनिवारी दुपारी सुनीतीकडे चार-पाच बायका जमायला लागल्या, कमी वस्तूंत कसं राहावं, माणसाने दमाने कसं जगावं हे ऐकायला. उल्हास बाल्कनीत खुर्ची टाकून बसलेला असायचा. बायका त्याच्याकडे वळून बघायच्या, आणि सुनीतीला वेगळं काही समजावून सांगावं लागायचं नाही.

ऑफिसात मात्र फाईली साठायला लागल्या. पावसाळा संपता संपता त्याच्याकडचा महत्त्वाचा विभाग काढून घेतला आणि त्याला ग्रंथालयाचं आणि जुन्या नोंदींचं काम दिलं. हे त्याने तिला संध्याकाळी शेंगा सोलताना सांगितलं.

"बरं झालं," सुनीती म्हणाली. "आता खरे मोकळे झालात."

उल्हासच्या हातात एकच शेंग होती. मघापासून तो तिच्यावर अंगठा दाबत होता, ती उघडत नव्हती.

"सुनीती," तो म्हणाला, "मी हे मुद्दाम करत नाहीये."

"तेच तर. आता मुद्दाम करावं लागत नाही. अंगात मुरलंय."

त्याला आणखी काही बोलायचं होतं की काय, कोण जाणे. मग त्याने मान खाली घालून ती शेंग पुन्हा दाबायला घेतली.

नोव्हेंबरात उल्का आली. उल्हास तिला घ्यायला स्टेशनवर गेला होता. प्लॅटफॉर्मवरून बाबा आपल्याकडे येताना तिने लांबून बघितलं, तेव्हाच तिला काहीतरी खटकलं. त्यांचा डावा हात चालताना मागेपुढे होत होता आणि उजवा नुसता लटकत होता. दोन दिवस ती नुसती बघत राहिली. तिसऱ्या दिवशी, उल्हास आंघोळीला गेला असताना, तिने सुनीतीला हाक मारली आणि टेबलावर पत्रं मांडली. पुण्याहून सगळी जपून आणली होती. पहिल्या पत्रातलं बाबांचं अक्षर मोठं, उभं, घाईचं. मग लहान. मग त्याहून लहान. शेवटच्या पत्रात तर प्रत्येक ओळ बऱ्यापैकी सुरू व्हायची आणि कडेला पोचेपर्यंत तिच्या मुंग्या झालेल्या असायच्या.

"आई, बाबांना काय झालंय?"

"काय व्हायचंय? छान तर आहेत."

"यार आई, हे नीट बघ."

सुनीतीने बघितलं. दर रविवारी हीच पत्रं घडी घालून पाकिटात तिनेच घातली होती.

हॉस्पिटलात मेंदूविकारांच्या डॉक्टरांनी उल्हासला अंगठ्यावर बोट आपटायला सांगितलं, खुर्चीवरून उठायला सांगितलं, बाहेरच्या लांब व्हरांड्यातून चालवून आणलं. मग हिंदीत विचारायला सुरुवात केली. चालणं कधीपासून मंदावलं? आवाज कधीपासून खाली गेला? जेवायला वेळ कधीपासून लागतो? उल्हासने सुनीतीकडे बघितलं. आणि सुनीतीला प्रत्येकाचं उत्तर येत होतं. जानेवारी. मार्च. होळीच्या आधीचा आठवडा. चेहरा कधीपासून असा स्थिर आहे, याचंही तिने उत्तर दिलं. डॉक्टर लिहीत गेले. एवढ्या नेमक्या तारखा सांगणारं माणूस त्यांना क्वचितच भेटत असावं, त्यांनी तिचं कौतुक केलं.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पार्किन्सन्स हा शब्द उच्चारला. हा आजार दबक्या पावलांनी येतो, घरच्यांच्या लक्षात येत नाही, असंही ते म्हणाले. धीर द्यायलाच म्हणाले. सुनीतीला सांगावंसं वाटलं, की माझ्या सगळं लक्षात आलं होतं, मी एकेक गोष्ट मोजत होते. पण हे डॉक्टरांना कसं सांगायचं, तिला कळेना. तिने एवढंच विचारलं, की आधी आणलं असतं तर काही झालं असतं का. फार फरक पडला नसता, ते म्हणाले. त्याने तिला बरंही वाटलं नाही आणि वाईटही. उल्का परत जाईपर्यंत या विषयावर एक शब्दही बोलली नाही, आणि सुनीतीला वाटत राहिलं की ती बोलली असती तर बरं झालं असतं.

शनिवारच्या बायकांना तिने येऊ नका म्हणून सांगितलं. हेमलताबाई तरी आल्याच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. जाताना दारात घुटमळून म्हणाल्या, "आमचे हेही हल्ली सावकाश जेवतात हो. दाखवून घेऊ का?"

गोळ्या दिवसातून चार वेळा, ठरल्या वेळी. त्यासाठी फोन डब्यातून बाहेर आले आणि त्यांवर गजर लागले. तिसऱ्या आठवड्यात गोळी लागू पडली. संध्याकाळी दोघं भाजीला निघाली, आणि कोपऱ्यावर वळल्यावर सुनीतीला समोर त्याची पाठ दिसली. निळा शर्ट. दहा पावलं पुढे. ती रस्त्यातच थांबली. तो भाजीवाल्यापाशी पोचला, मोठ्या आवाजात भाव पाडायला लागला, वळून "अगं, ये लवकर" असं ओरडला. ती गेली. दोन-अडीच तासांनी गोळीचा जोर ओसरला आणि तो पुन्हा बाल्कनीत तसाच बसला, शांत, एकसारखा.

पूर्वीचा तो गोळीतून येत होता, आणि तिला आवडलेला तो आजारातून आला होता. एकदा दुपारी औषधाआधी त्याच्या शर्टाची बटणं लावून देता देता तिने विचारलंच, की त्या वर्षातलं तुम्हाला खरोखर काही आवडलं होतं का.

हल्ली उत्तर यायला वेळ लागायचा.

"भाजी आणायला जायचो, ते आवडायचं," तो म्हणाला. "बाकीचं मला सांगता येणार नाही. मला वाटायचं, तुझ्यासारखं जमायला लागलंय. मग वाटायचं, कुणीतरी धरून ठेवलंय. तू एवढी खूश होतीस, की म्हटलं, असेल असंच."

सुनीतीच्या हातात वरचं बटण होतं. ते तिने लावलं.

पुढल्या हिवाळ्यापर्यंत गोळीचा जोर दीड तासावर आला. त्याचे व्यायाम घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई जवळच्या मुनिरका भागात बसायच्या. तिकडे जायचं तर मोठा रस्ता ओलांडावा लागायचा. रिक्षाने गेलं असतं तरी चाललं असतं, पण चालायला हवं, बाईंनीच सांगितलं होतं. त्या दिवशी अर्धा रस्ता ठीक झाला. मधल्या दुभाजकावर उल्हास थांबला, आणि सिग्नल पुन्हा त्यांच्या बाजूने झाला तेव्हा त्याचा पाय उचलेना.

"चला," सुनीती म्हणाली.

"चाललोय."

पण पाय जमिनीलाच चिकटलेले. बाईंनी शिकवलं होतं तसं तिने मोजलं, एक, दोन, तीन. तो पुढे झुकला, चपलेचा पुढचा भाग थरथरला, टाच हलली नाही. समोरच्या सिग्नलच्या खांबावरचे सेकंदांचे आकडे उतरत शून्यावर आले. गाड्या सुटल्या. बसच्या वाऱ्याने तिची ओढणी त्याच्या तोंडावर गेली, ती तिने काढली. एका स्कूटरवाल्याने दुभाजकाला घासून जाताना काहीतरी शिवी हासडली.

पुन्हा आकडे सुरू झाले. तिने पुन्हा मोजलं. तिने त्याला ओढायचं नाही, ढकलायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं, पडण्याची भीती असते. नुसतं शेजारी उभं राहायचं. उल्हासने तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, पण डोळ्यांत पाणी होतं.

"अजून एकदा बघू," तो म्हणाला.

ती त्याच्या कोपराखाली हात धरून उभी राहिली आणि समोरच्या आकड्यांकडे बघत राहिली.